‘मोठे डॉक्टर कधी येणार?’

गडहिंग्लज, कागल किंवा जयसिंगपूरसारख्या गावात दाताचा नवा दवाखाना उघडला, की पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो. गालाला रुमाल लावून आलेले आजोबा खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या तरुण मुलीला विचारतात, “बाळ, मोठे डॉक्टर कधी येणार?” ती सांगते, “आजोबा, मीच डॉक्टर.” आजोबा खुर्चीत बसतात, पण निम्म्या मनानं.

इथवर यायला तिला बरीच वर्षं लागलेली असतात. बारावीनंतर ‘नीट’, चार वर्षांचा बीडीएस अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता. सुरुवातीला मेणातून दात कोरायचे, मग नकली जबड्यावर हात बसवायचा आणि त्यानंतर प्रत्यक्ष रुग्ण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलांना वारणा परिसरात, नवे पारगाव इथंही हे शिक्षण मिळतं. पदवीनंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करावी लागते. १९४८च्या दंतवैद्यक कायद्यानं ती बंधनकारक केली.

त्यानंतर बरेच जण वर्ष-दोन वर्षं एखाद्या जुन्या दवाखान्यात उमेदवारी करतात. घाबरलेल्या मुलाला तोंड उघडायला कसं लावायचं, मधुमेह आणि रक्तदाबाची चौकशी आधी का करायची, हे तिथं अंगवळणी पडतं. मग कर्ज. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, इन्व्हर्टर आणि गाळ्याचं डिपॉझिट. हप्ता लगेच सुरू होतो, रुग्ण मात्र हळूहळू येतात.

खरी परीक्षा पुढंच असते. रुग्ण येतो तो रात्रभर दाढ ठणकल्यावर आणि म्हणतो, “काढूनच टाका की, कटकट नको!” कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली की दोन वाटा उरतात. दाढ काढली तर काम एका फेरीत होतं. वाचवायची तर रूट कॅनाल, म्हणजे आतला सडलेला भाग काढून पोकळी निर्जंतुक करून भरायची आणि वर कॅप बसवायची. त्याला फेऱ्या जास्त आणि खर्चही जास्त. मग उत्तर येतं, “उसाचं बिल येऊ दे, मग बघू.”

काढलेल्या दाढेची जागा रिकामी ठेवली, तर शेजारचे दात तिकडं कलू शकतात, समोरची दाढ त्या पोकळीत उतरू लागते आणि चावायचा सगळा भार दुसऱ्या बाजूवर जातो. हे न सांगता दाढ उपटून देणं सोपं असतं. उलट बाजूचा मोहही असतो. डोक्यावर हप्ता असताना, जिथं साधं सिमेंट भरून भागतं तिथं कॅप सुचवली तर रुग्णाला कळणारही नाही. दाढ वाचण्यासारखी आहे का, हे एक्स-रे दाखवून सांगणं, पैशाची अडचण असेल तर आधी ठणका थांबवून उपचार टप्प्यानं करणं आणि दाढ खरंच गेली असेल तर ‘काढलेलीच बरी’ असं स्पष्ट बोलणं, यावर छोट्या गावातला दवाखाना उभा राहतो. गावात फसवणुकीची बातमी जाहिरातीपेक्षा लवकर पसरते.

गैरसमजांशीही रोज गाठ पडते. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हा त्यातला जुना. दात काढल्यानं दृष्टी कमी होत नाही. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ हा दुसरा. खरं तर हिरड्या आणि हाड आधीच झिजलेलं असतं. साचलेल्या किटणामुळं दात घट्ट वाटत असतो आणि किटण निघाल्यावर आधीचीच सैल स्थिती जाणवते.

सगळ्यात जबाबदारीचं काम मात्र दाताचं नसतंच. मिश्री लावणाऱ्या आयाबाया आणि गुटखा खाणारी पोरं याच खुर्चीत बसतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२मध्ये बंदी आली, तरी सवय सुटलेली नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, दिवसेंदिवस कमी उघडणारं तोंड ही कर्करोगाची किंवा त्याआधीच्या अवस्थेची लक्षणं असू शकतात. दाढ दाखवायला आलेल्या माणसाच्या तोंडात हे दिसलं, तर त्याला वेळेत तज्ज्ञांकडं पाठवणं म्हणजे कदाचित त्याचा जीव वाचवणं.

नवा डॉक्टर पारखायचा कसा? वय पाहू नका. भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र आहे का, हत्यारं तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघतात का, ते पाहा. ऑटोक्लेव्हमध्ये साधारण १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेत हत्यारं निर्जंतुक होतात आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो. हातमोजे प्रत्येक रुग्णाला नवे हवेत. काम सुरू करण्याआधी पर्याय आणि खर्च समजावून सांगितला जातो का, हेही पाहा. न कळलेलं विचारा, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणि दाढ ठणकायची वाट पाहू नका. सुरुवातीची कीड दुखत नाही, ती तपासणीतच सापडते. तेव्हा ती साफ करून सिमेंट भरलं की भागतं. तीच दाढ उसाच्या बिलापर्यंत थांबत नाही.