ताई चीची संथ तालीम

चीनमधील मोठ्या शहरांत पहाटे फिरावयास निघालेल्या प्रवाशास बागेतील झाडांखाली एक दृश्य बहुधा दिसतेच. वृद्ध स्त्रीपुरुष ओळीने उभे असतात आणि पाण्यातून चालावे तसे अगदी संथपणे हातपाय हालवीत असतात. कोणी बोलत नाही, कोणास धाप लागत नाही. हे नृत्य आहे की प्रार्थना, असा प्रश्न पाहणारास पडतो. खरे पाहता ती लढण्याची विद्या आहे. तिचे पूर्ण नाव ‘ताई ची च्युआन’. च्युआन म्हणजे मूठ. ‘ची’ ह्या अक्षराचा अर्थ पुष्कळजण श्वास किंवा प्राण असा करतात. परंतु तो शब्द निराळा. ह्या ‘ची’चा मूळ अर्थ घराचे आढे, ज्याच्यावर छपराची दोन्ही पाखी टेकलेली असतात.

हेनान प्रांतातील चेन कुळाच्या एका खेड्यात ही विद्या वाढली. यांग लुचान (१७९९–१८७२) हा परकुळातील माणूस तेथे चेन चांगशिंग ह्या गुरूंजवळ अनेक वर्षे शिकला आणि पुढे पेकिंगला जाऊन शिकवू लागला. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) ह्याने तीतील उड्या व पाय आपटणे काढून टाकून सर्व हालचाल एकसारखी व संथ केली. त्यामुळे ज्यांस कोणाशीही लढावयाचे नव्हते, अशा साध्या माणसांसही ती शिकता येऊ लागली.

ह्या घराण्याची जुनी पूर्ण तालीम एका प्रचलित मोजणीनुसार १०८ पवित्र्यांची आहे. ती सावकाश करावयास वीस ते तीस मिनिटे लागतात. पवित्र्यांची नावे मोठी गोड आहेत: चिमणीचे शेपूट धरणे, शुभ्र क्रौंचाने पंख पसरणे, ढगांप्रमाणे हात हालविणे, समुद्रतळीची सुई. मन लावून शिकणारास साधारण वर्षभरात हा क्रम पाठ होतो, आणि विद्या आली असे त्यास वाटू लागते. खरे शिक्षण येथून पुढे सुरू होते. गुरुजी जवळ येतात, वर चढलेला खांदा बोटाने किंचित खाली दाबतात आणि पुढे जातात. दुसऱ्या दिवशी तोच खांदा, तेच बोट. पुढचे पाऊल प्रथम रिकामे टेकवावयाचे. मग एका घागरीतून दुसरीत पाणी ओतावे तसा अंगाचा भार त्यात हळूहळू ओतावयाचा. डोके वर कोणी धाग्याने धरले आहे असे ताठ. चालताना उंची कमीजास्त होता कामा नये. हात आपल्या मनाने फिरत नाहीत, कंबर वळली म्हणजे ते वळतात. चिनी गुरू ह्यास रेशमाच्या कोशातून धागा ओढण्याची उपमा देतात. हिसका दिला तर धागा तुटतो आणि थांबले तर गुंततो.

नवीन काही मिळत नाही म्हणून पुष्कळजण ह्याच टप्प्यावर सोडून जातात. आपल्याकडेही पेटी शिकावयास बसलेली मुले तिसऱ्या महिन्यात दिसेनाशी होतात. ह्यात चिनी माणूस आणि आपला माणूस असा भेद नाही. जे राहतात त्यांस एक गंमत कळते. ‘चिमणीचे शेपूट’ त्या तालमीत पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी आपली तीच जुनी खोड समोर उभी राहते. ती दहा वर्षांनी थोडी मऊ होते. वीस वर्षे करणारा मनुष्यही सकाळी उठून पहिल्याच पवित्र्यापासून आरंभ करतो.

इतके संथ का, असे कोणी विचारील. भरभर चालताना मनुष्य वेगाच्या जोरावर पुढे जातो आणि तोल गेलेला त्याच्या ध्यानात येत नाही. संथ चालताना प्रत्येक क्षणी कोणत्या तरी एका पायास सर्व भार पेलावा लागतो. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर घसरून आजीच्या खुब्याचे हाड मोडते आणि ती पुन्हा उठत नाही, हे आपल्या कितीतरी घरांनी पाहिले आहे. अमेरिकेत ऑरेगन येथील संशोधकांनी कंपवाताच्या १९५ रोग्यांचे तीन गट करून त्यांस चोवीस आठवडे, आठवड्यातून दोनदा, निरनिराळे व्यायाम दिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत तोल सांभाळण्यात ताई चीचा गट सर्वांत पुढे होता, आणि नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यातील रोगी कमी वेळा पडले. रोग बरा होतो असे मात्र ते म्हणत नाहीत.

१९५६ साली चीनच्या क्रीडाखात्याने ह्या तालमीची २४ पवित्र्यांची छोटी आवृत्ती काढली. ती पाच-सहा मिनिटांत आटोपते. तत्पूर्वी चेंग मानचिंग ह्या चित्रकार-वैद्याने ३७ पवित्र्यांची आवृत्ती बसविली होती. तरुणपणी क्षयाने खंगल्यावर त्याने यांग चेंगफूजवळ ही विद्या धरली, आणि तो १९७५ सालापर्यंत जगला. ह्या छोट्या आवृत्त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. रोझरीची पाच रहस्ये म्हणावयास वेळ नाही म्हणून कोणी एकच म्हटले, तर त्यास कोण बोल लावील? तथापि पाचही रहस्ये म्हणणारी आजी घरात असावी, तसा पूर्ण तालीम जाणणारा गुरूही कोठेतरी असावा, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्ती माणसास हे चालेल काय, ही शंका स्वाभाविक आहे. पौर्वात्य ध्यानपद्धतींसंबंधी रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी एक पत्र काढले. काही शारीरिक व्यायामांनी मन आपोआप शांत होते. परंतु ती शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याने दिलेले सांत्वन, असे समजणे चूक आहे, अशा आशयाचा इशारा त्यात आहे. आमचे मत त्याला धरूनच आहे. यिन-यांगाचे तत्त्वज्ञान बाजूस ठेवून ताई ची व्यायाम म्हणून करावी, आणि प्रार्थना प्रार्थनेच्या वेळी करावी.

पुस्तकात पाहून ही विद्या शिकू नये, गुडघे जातात. गुडघा पावलाच्या दिशेनेच वाकावा, बोटांच्या पुढे जाऊ नये आणि आत मुरडू नये. आरंभी कित्येक दिवस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेण्यातच जातात. घरातील वृद्धांनी वैद्यांस विचारून एवढेच करावे, आणि हाताशी भिंत किंवा जड खुर्ची ठेवावी.