शब्द माणसाचे आणि शब्द संगणकाचे

मराठीत 'कर' या एका शब्दाचे अर्थ किती! हात, सरकारी कर आणि 'काम कर' ही आज्ञाही. संदर्भावरून आपण नेमका अर्थ ओळखतो. कोणी अडखळत बोलले तरी समजून घेतो. आज्ञावलीच्या भाषेत मात्र ही सवलत नाही. तेथे शब्द मोजके आणि नियम काटेकोर. वाक्याअखेरचा अर्धविराम राहिला तरी काम अडते.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'सी' ही भाषा घडविली. १९८९ च्या प्रमाणित 'सी'त राखीव शब्द अवघे ३२ आहेत. 'इफ' म्हणजे जर, 'एल्स' म्हणजे नाहीतर, 'व्हाइल' म्हणजे जोपर्यंत. बँकेतला व्यवहार घ्या : खात्यात पुरेशी शिल्लक असेल तर रक्कम द्यावी, नाहीतर नकार द्यावा. हा सारा निर्णय 'इफ' आणि 'एल्स' या दोन शब्दांत बसतो. बाकीची नावे आपणच ठेवायची. रोमन अक्षरांत 'शिल्लक' असे लिहिले तरी चालते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, केवळ इंग्रजीच्या धास्तीने या विद्येपासून दूर राहू नका. बत्तीस शब्द सहज पाठ होतात. खरी कसोटी विचार पायरीपायरीने मांडण्याची आहे, आणि तो विचार मायबोलीतही करता येतो.