मदरबोर्ड घेताना पेंग्विनला विचारा

आपल्या हॉस्टेलवर कॉम्प्युटर अपग्रेड करायचा म्हटलं की चर्चेचा क्रम ठरलेला असतो. आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम किती जीबी, आणि शेवटी उरलेल्या पैशांत बसेल तो मदरबोर्ड. लिनक्स वापरणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

मदरबोर्ड ही एक वस्तू नव्हेच, ती एक चाळ आहे! नेटवर्कची चिप एका कंपनीची, वाय-फाय दुसरीचं, आवाजाची चिप तिसरीची, पंख्याचा वेग आणि तापमान मोजणारी चिप चौथीची. खोक्यावर नाव असतं ते चाळमालकाचं, पण आपला रोजचा संबंध येतो भाडेकरूंशी. विंडोजसाठी या सगळ्यांचे ड्रायव्हर कंपन्या स्वतः बनवून देतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. चिप कर्नलच्या ओळखीची असेल तर बोर्ड बसवल्याबसवल्या सगळं सुरू होतं, काहीही शोधावं लागत नाही. ओळखीची नसेल तर मात्र गंमत बघा: ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही!

म्हणून माझा पहिला नियम असा, की बोर्डावरच्या चिपा आणि तुमच्या डिस्ट्रोचं कर्नल यांची पत्रिका जुळवा. रिअलटेकची २.५ गिगाबिटची आरटीएल८१२५ ही नेटवर्क चिप कर्नल ५.४ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून चालते. इंटेलच्या एएक्स२१० वाय-फायला ५.१० लागतं, मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला ५.१२. मीडियाटेकच्याच वाय-फाय ७ वाल्या एमटी७९२५ चा ड्रायव्हर ६.७ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये आला. आता डेबियन १२ मूळ ६.१ कर्नल घेऊन येतं. त्यावर एमटी७९२५ वाला बोर्ड लावला तर वाय-फाय दिसणारच नाही. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे, तिथे ड्रायव्हर हजर. बोर्ड तोच, माणूसही तोच, फरक फक्त कर्नलचा. थोडक्यात, नवाकोरा बोर्ड घ्यायचा तर डिस्ट्रोही नवी हवी. जुन्या, स्थिर डिस्ट्रोवरच राहायचं तर वर्ष-दीड वर्ष मुरलेला बोर्ड बरा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्याकडे २०१४ च्या सुमाराचं चौथ्या पिढीचं आय५ मशीन आहे. आधी प्रामाणिकपणे विचारा, अपग्रेड लागतंय का? ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला म्हणून अशी बरीच मशीन निकालात निघाली, पण लिनक्सला ती अजून चालतात. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि रॅम ८ जीबी केली, तर सी प्रोग्रॅमिंग, पायथन, रिपोर्ट लिहिणं, सगळं आरामात होतं. तेवढ्यावर भागत असेल तर घरच्यांचे पैसे वाचवा.

भागत नसेल, म्हणजे मोठे प्रोजेक्ट कंपाइल करायचे असतील किंवा दोन-तीन व्हर्च्युअल मशीन एकदम चालवायची असतील, तर बोर्ड बदलावा लागेल. जुनी रॅम डीडीआर३, ती नव्या बोर्डात बसत नाही. मग दोन वाटा आहेत. एक एएमडीचं एएम४ सॉकेट, जे रायझनसोबत २०१७ मध्ये लोकप्रिय झालं आणि डीडीआर४ रॅम घेतं. दुसरी २०२२ मध्ये आलेलं एएम५, ज्यात फक्त डीडीआर५. एएम५ मध्ये पुढे प्रोसेसर बदलायला जास्त वाव, एएम४ मध्ये सेकंड-हँड माल मुबलक. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की कुणाकडून जुनी डीडीआर४ मिळत असेल तर ती बाब निर्णय फिरवू शकते.

ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर नीट बघा. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. पण ५६००जी फक्त पीसीआय एक्सप्रेस ३.० च चालवतो. त्यामुळे निव्वळ ४.० साठी महागडा बी५५० घेण्यात अर्थ नाही, बी४५० पुरतो. मात्र बी४५० बोर्ड २०१८ चे, प्रोसेसर २०२१ चा. जुना बायॉस असेल तर मशीन सुरूच होणार नाही. म्हणून दुकानदाराकडून बायॉस अपडेट करून घ्या, किंवा पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवाय बायॉस बदलता येतो असं फ्लॅशबॅक बटण असलेला बोर्ड घ्या.

इंटेल घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एएक्स२०१, एएक्स२११ ही वाय-फाय कार्डं अर्धवट असतात, त्यांचा उरलेला अर्धा भाग इंटेलच्या चिपसेट-प्रोसेसरमध्ये असतो. ती काढून एएमडीच्या बोर्डात घातली तर चालत नाहीत. एएक्स२१० पूर्ण कार्ड आहे, ते चालतं. दुसरं म्हणजे, इन्स्टॉल करताना एसएसडी दिसत नसेल तर घाबरू नका. बायॉसमध्ये स्टोरेज बहुधा रेड किंवा आरएसटीवर असतं, ते एएचसीआयवर करा. (त्याच डिस्कवर विंडोजही ठेवायचं असेल तर आधी त्याची तजवीज करा, नाहीतर ते सुरू व्हायला नकार देईल.)

मॅन्युअलही वाचाच. काही बोर्डांत दुसऱ्या एम.२ जागेत एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. हे खोक्यावर लिहीत नाहीत, मॅन्युअलच्या बारीक तळटिपेत लिहितात.

आता खरेदी. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या दुकानात, खिशात दोन गोष्टी हव्यात: बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन लिहिलेली चिठ्ठी, आणि लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनमध्ये चिपा वेगळ्या असू शकतात. सेकंड-हँड घेत असाल तर पैसे देण्याआधी मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा द्या (सगळी अक्षरं इंग्रजी स्मॉल). प्रत्येक चिपेचं नाव आणि तिला मिळालेला ड्रायव्हर समोर येतो. नेटवर्कच्या खाली ड्रायव्हरची ओळच नसेल तर सरळ ‘नको’ म्हणा. मग आवाज, प्रत्येक यूएसबी पोर्ट आणि झोपवून पुन्हा जागं करणं, एवढं तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि तरीही घरी आल्यावर वाय-फाय रुसलंच, तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोन लिनक्सला लगेच कळतात. तेवढ्या नेटवर नवं कर्नल उतरवता येतं.

प्रोसेसर दोन वर्षांनी बदलता येतो, रॅम सेमिस्टरनंतर वाढवता येते. बोर्ड बदलायचा म्हणजे मात्र सगळा संसार पुन्हा मांडणं आलं. तेव्हा चार दिवस उशीर झाला तरी चालेल, पण चिठ्ठी घेऊनच दुकानात जा.