नळीतलं पोलाद

बिलासपूरच्या कोपरा जलाशयाला डिसेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा, म्हणजे रामसर, दर्जा मिळाला. छत्तीसगडला हा मान पहिल्यांदाच मिळाला. तेव्हापासून भिलाईजवळच्या बोरसीतल्या आमच्या मराठी घरांमध्ये पाखरांचा विषय निघाला, की नातवंडं दुर्बिणींच्या किमती शोधतात आणि सत्तरीपुढची मंडळी हमखास बंदुकीवर येतात. ‘दुनळी होती आमच्याकडे, बारा बोअरची.’ पुढे बदकांची नावं येतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, अडई. या जुन्या माणसांना बदकं पंखांच्या आवाजावरून ओळखता येतात, आणि ते ज्ञान बंदुकीच्या मागे बसूनच आलेलं आहे. म्हणून आज त्या दुनळीबद्दलच लिहायचं ठरवलं.

आपल्याकडच्या दुनळ्या बहुतेक लंडन-बर्मिंगहॅमच्या घडणीच्या. संस्थानांच्या शिकारखान्यांपासून कलकत्त्याच्या मँटन आणि रॉड्डा या पेढ्यांपर्यंत त्यांचाच बोलबाला होता. त्या काळाचा कळस पाहायचा असेल तर भरतपूरला केवलादेवच्या पाणथळावरचा शिलालेख वाचावा. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो यांची शिकार, एका दिवसात ४,२७३ पाखरं. पण बदकांसाठी, फक्त बदकांसाठी, बंदूक घडवण्याचा ध्यास घेतला तो अमेरिकेने, आणि त्या कारागिरीची आपल्या वाचकाला फारशी ओळख नाही.

कनेटिकटमधल्या मेरिडनला पार्कर बंधू, फिलाडेल्फियाला अ‍ॅन्स्ली फॉक्स आणि न्यूयॉर्क राज्यात बाकीचे. सिराक्यूजला डॅन लेफेव्हर आणि एल. सी. स्मिथ, इथाका गावात इथाका गन कंपनी. स्मिथने पुढे बंदुकीचा धंदा फुल्टनच्या हंटर कुटुंबाला विकला आणि टाइपरायटर काढले. स्मिथ-कोरोना हे नाव जुन्या कचेऱ्यांत काम केलेल्यांना आठवत असेल. पार्करने सुमारे पाऊण शतकात अडीच लाखांच्या आतबाहेर दुनळ्या केल्या.

भिलाईच्या वाचकाला या बंदुकीचा खरा जीव कळेल तो नळीत. पोलादाच्या गावात आपण राहतो, आणि इथल्या कितीतरी घरांतला एक माणूस भट्टीवर किंवा रोलिंग मिलमध्ये राबला आहे. एकोणिसाव्या शतकातली चांगली नळी दमास्कसची असे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या सळया एकत्र तापवायच्या, दोरासारखा पीळ द्यायचा, त्यांची पट्टी करून गजाभोवती गुंडाळायची आणि घणाखाली एकजीव करायची. मग आतून भोक कातायचं, बाहेरून घासायचं आणि आम्लाने धुवायचं. तेव्हा पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी वेलबुट्टी उमटते. ही वेलबुट्टी रंगवलेली नसते, नळी कशी घडली तेच तिथे दिसत असतं. अमेरिकी कारखाने अशा नळ्या मुख्यतः बेल्जियमहून आणवत.

पण प्रत्येक पीळ म्हणजे एक सांधा, आणि सांध्यात राखेचा कण अडकला तर तिथे नळी कच्ची. काळ्या दारूवर भागून गेलं. बिनधुराची दारू आली, दाबाची तऱ्हा बदलली, आणि अखंड ओतीव पोलादाची नळी पुढे आली. पार्करच्या वरच्या दर्जाच्या बंदुकांवर व्हिटवर्थ पोलादाचं नाव असे, फॉक्सच्या नळ्यांवर क्रुपचं. ज्या क्रुपने पुढे डेमागसोबत राऊरकेलाचा कारखाना उभा केला, तोच हा क्रुप.

दोन नळ्या जोडणं ही वेगळी विद्या. त्या समांतर दिसतात, पण तशा नसतात. टोकाकडे किंचित जवळ येतात, म्हणजे दोन्ही बार चाळीस यार्डांवर एकाच जागी पडावेत. डाख देऊन जोडायच्या, झाडून पाहायच्या, चुकल्या तर डाख वितळवून पुन्हा जोडायच्या. बंदूक मिटते तिथली बैठक जमवण्यासाठी कारागीर दिव्याची काजळी लावी. जिथे काळा डाग उमटला तिथे कानशीचा एक हात, पुन्हा काजळी, पुन्हा कानस. असं करत शेवटी पोलादाला पोलाद सगळीकडे सारखं टेकायचं. स्मिथच्या बंदुकीतला फिरता अडसर झीज होईल तसा आपोआप आणखी आत सरके, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरूनही जोड ढिला पडत नसे. मला ही युक्ती कोरीवकामापेक्षा सुंदर वाटते.

बदक उंचावरून, वेगाने जातं आणि पिसांचा थर जाड असतो. तेव्हा छर्रे दूरवर एकत्र राहायला हवेत. त्यासाठी नळीचं तोंड किंचित आवळतात, त्याला चोक म्हणतात. पूर्ण चोक म्हणजे बारा बोअरमध्ये साधारण एक मिलिमीटरचा आवळा. तेवढ्याने चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात सत्तर टक्के छर्रे बसतात. फॉक्स कंपनीला तेवढ्यावर समाधान नव्हतं. १९२३ च्या सुमारास तिने सुपर-फॉक्स काढली. नळीचं भोक नेहमीपेक्षा मोठं, काडतुसाच्या घरापासून नळीत शिरणारा उतार लांब, आणि हमी ऐंशी टक्क्यांची. नळ्यांच्या या कामामागे बर्ट बेकर नावाचा कारागीर होता.

बेकरने मेम्फिसच्या नॅश बकिंगहॅम या शिकारी-लेखकासाठी एक बंदूक केली. बत्तीस इंची नळ्या, तीन इंची काडतूस, वजन साडेचार किलोच्या आसपास. तिचा आवाज इतका घुमारदार की एका मित्राने तिला ‘बो-व्हूप’ हे नाव दिलं. १ डिसेंबर १९४८ रोजी आर्कान्सामध्ये शिकारीहून परतताना मंडळींनी ती मोटारीवर ठेवली आणि तशीच गाडी हाकली. बकिंगहॅमने कितीतरी शोधली, जाहिराती दिल्या. १९७१ मध्ये तो वारला तेव्हाही बंदूक हरवलेलीच होती. अर्ध्या शतकाहून जास्त काळाने एक कुटुंब तुटक्या दस्त्याची जुनी बंदूक दुरुस्तीला घेऊन आलं. नळीवर बेकरचं आणि बकिंगहॅमचं नाव कोरलेलं होतं. २०१० मध्ये लिलावात तिला २ लाख १ हजार २५० डॉलर मिळाले, आणि घेणाऱ्याने ती डक्स अनलिमिटेड या पाणथळ राखणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. नावं कोरलेली नसती तर दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून ती अशीच निघून गेली असती. मी ही गोष्ट लांबवून सांगतो आहे ती त्यासाठीच.

या बंदुका कोणत्याही युद्धाने संपवल्या नाहीत. विंचेस्टरची पंपाची बंदूक आणि ब्राउनिंगची आपोआप भरणारी बंदूक यांत पाच काडतुसं बसत आणि त्या स्वस्त पडत. त्यात १९२९ ची मंदी आली. फॉक्स सॅव्हेज कंपनीकडे गेली, पार्कर १९३४ मध्ये रेमिंग्टनकडे. काजळी लावून कानस चालवणाऱ्याच्या मजुरीचा हिशेब कोणालाच परवडेना.

दुसरं कारण शिशाचं. पाणथळाच्या गाळात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात, पेषणीत ते दळले जातात आणि विष रक्तात उतरतं. अमेरिकेने १९९१ मध्ये देशभर बदकांवर शिशाचे छर्रे बंद केले. पर्याय आला पोलादी छर्ऱ्यांचा, पण ते कडक असतात. जुन्या मऊ नळीत ते ओरखडे पाडतात, चोकपाशी नळी फुगवतात. त्याच १९९१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन शिकारीचे परवानेच बंद झाले. तिकडे आणि इकडे दुनळीचं बदकांशी नातं एकाच वर्षी बदललं.

अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे, आणि १९३७ पासून तो पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवतात. तिथले शिकारी हे अभिमानाने सांगतात, आणि त्यांचा अभिमान रास्त आहे. आपल्याला ती वाट नको, हे माझं स्पष्ट मत आहे. बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदा तलावांवर पाखरं उतरतात ती गावकऱ्यांनी त्यांना बंदुकीचा बार ऐकवला नाही म्हणून. पण शिकार बंद झाली म्हणून बंदुकीची विद्याही भंगारात जावी, हे मला पटत नाही.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात. त्यामुळे घराघरांतल्या जुन्या दुनळ्या जमा होत आहेत आणि त्यांच्यासोबत त्यांची ओळखही. म्हणून विनंती. आजोबांची बंदूक घरात असेल तर आधी परवाना वारसाच्या नावावर करून घ्या, कायद्यात तशी तरतूद आहे. नळीवर वेलबुट्टी दिसली तर खडकीच्या कारखान्यातलं आजचं काडतूस तिच्यात चुकूनही घालू नका. नळी कापू नका, पॉलिश मारू नका. परवानाधारकाने ती रिकामी असल्याची खात्री करून नळ्या उतरवाव्यात. खालच्या बाजूला क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. पार्करच्या कारखान्याच्या नोंदवह्या बऱ्याच अंशी शिल्लक आहेत आणि स्मिथच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत, तेव्हा बंदूक अमेरिकी असेल तर तो क्रमांक बोलू शकतो. आणि घरातल्या ज्या माणसाने ती बंदूक हाताळली आहे, त्याच्याकडून तिची हकिगत याच महिन्यात लिहून घ्या.