वारसदार मुलीचा छळ: 'वाणी राणी'ची कुळकथा

'वाणी राणी' (१९७४) या तमिळ चित्रपटात वाणीश्रीची दुहेरी भूमिका आहे. एक बहीण श्रीमंत घरात मार खाणारी, दुसरी बाहेर वाढलेली, फटकळ. तो हिंदी 'सीता और गीता'चा (१९७२) तमिळ अवतार, एवढ्यावर सहसा विषय संपवतात. मी मागे जात राहिलो.

मुळात ही गोष्ट पुरुषाची. १९६४ साली तापी चाणक्य यांनी तेलुगूत 'रामुडु भीमुडु' केला, कथा डी. व्ही. नरस राजूंची, जुळे भाऊ दोन्ही एन. टी. रामाराव. पुढच्याच वर्षी चाणक्यांनीच तमिळमध्ये एमजीआरना घेऊन 'एंगा वीट्टु पिल्लै' काढला आणि १९६७ साली हिंदीत दिलीपकुमारचा 'राम और श्याम'. सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी भावांच्या बहिणी केल्या. मग गोष्ट तेलुगूत 'गंगा मंगा' (१९७३) आणि तमिळमध्ये 'वाणी राणी' होऊन दक्षिणेत परतली. म्हणजे मद्रासने आपलाच माल मुंबईकडून परत घेतला, पण बाईचा करून!

या बदलात काय हललं ते पाहण्यासारखं आहे. भावांच्या गोष्टीत छळणारा बहिणीचा नवरा, म्हणजे आपले दाजी. बाहेरून आलेला माणूस घर बळकावतो. 'सीता और गीता'त मात्र छळणारी काकू आहे, कारण इस्टेट बापाकडची आणि काका-काकू त्याच घरातले. मुलीला वारस करायचं तर कथाकाराला तिचे आईबाप मारावे लागतात, शिवाय तिला भाऊ असून चालत नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र जन्मतः हक्क मुलाचाच ठेवला. भाऊ आला की गोष्टीतली वारसदार संपलीच.

आता दुसरी बहीण. ती डोंबाऱ्यांत वाढली तरी त्याच बापाची मुलगी. मृत्युपत्र नसेल तर सीतेइतकाच तिचाही वाटा; घरातली म्हातारी आजी बापाची आई असेल तर तिचाही. हा हिशेब पडद्यावर कुणी मांडत नाही. सीतेला न्याय मिळतो तो गीतेच्या हातच्या चोपातून, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आहेत. पण सज्ञान मुलगी स्वतःच्या पैशाचा हिशेब मागायला वकिलाकडे जाऊ शकते, ही शक्यता कथेला सुचतही नाही.

तमिळनाडूने १९८९ साली आणि महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला. देशभर तो २००५ साली आला. दोन्ही राज्यांच्या दुरुस्त्यांत एक अट होती: कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नव्हता. १९७४ साली 'वाणी राणी' पाहायला गेलेल्या किती मुली तोवर सासरी नांदत असतील!