ओलावा न तपासता केलेलं वजन

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव नुसत्या काट्यावर ठरत नाही. आधी मूठभर दाणे मशीनमध्ये घालून ओलावा पाहतात. हमीभावाच्या खरेदीला तो साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो. मग माती, काडीकचरा, डागी दाणे बघतात आणि त्यानंतर भावाचं बोलणं सुरू होतं. क्विंटलभर ओला माल आणि क्विंटलभर वाळलेला माल काट्यावर सारखाच भरतो, पण त्यांची किंमत एक नसते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. स्वतःच्या शरीराचा व्यवहार मात्र आपण ओलावा न तपासताच करतो. काट्यावर चढलं, आकडा पाहिला, सुस्कारा टाकला किंवा कपाळाला हात लावला, की झाली तब्येतीची चौकशी. या आकड्यात हाडं, स्नायू, चरबी, पाणी आणि सकाळचा नाश्तासुद्धा एकत्र मोजलेला असतो. त्यातलं काय किती, ते काटा सांगत नाही. आपल्याकडच्या शरीराबाबत तर तो बऱ्याचदा दिशाभूलच करतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्यातून आला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचंच उदाहरण छापलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या हिशेबात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३. म्हणजे तक्त्यानुसार दोघेही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये गर्भवती आणि त्यांची बाळं यांचा जो अभ्यास चालवला, त्यात हे वेगळेपण जन्मापासूनच दिसलं. ही बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण त्यांचे स्नायू जेवढे कमी होते, तेवढी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असा हा बांधा. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायू उचलतात. ते अपुरे असले आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठलेली असली, की ‘साठ किलो’चा माणूसही मधुमेहाच्या वाटेला लागतो. आपल्याकडे ‘अंगाला काही लागतच नाही’ असं ज्याच्याबद्दल कौतुकानं म्हणतात, त्याला काटा वर्षानुवर्षं धीर देत राहतो आणि तोवर रक्तातली साखर कोणी तपासलेली नसते.

काट्याची दुसरी खोड याच्या अगदी उलट आहे. सुधारणा होत असतानाही तो माणसाला हिरमुसलं करतो. चालणं सुरू केलं, गोड कमी केलं, की पहिल्या आठवड्यात दोन किलो झरझर उतरतात. त्यातला बराच भाग पाणी असतो, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. पुढं आकडा अडतो. लग्नाच्या पंगतीत खारट-तिखट जेवण झालं की दुसऱ्या दिवशी वाढतोही, आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून बूट कोपऱ्यात जातात. वास्तविक उपयोग झालेला असतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार आणि व्यायामात बदल केला, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजनात लक्षणीय घट न होता. कॅनडात रॉबर्ट रॉस यांच्या प्रयोगात लठ्ठ पुरुषांनी रोज व्यायाम केला, पण वजन उतरू नये म्हणून खाणं तेवढं वाढवलं. तरीही त्यांच्या पोटातली चरबी घटली. काट्यावर विसंबून असते तर या मंडळींनी महिन्याभरातच नाद सोडला असता.

मग मोजायचं काय? तर ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्या. आठवड्यात किती दिवस चाललो, किती वेळा ज्वारीची भाकरी आणि डाळ-उसळ खाल्ली, साखरेचे चहा किती झाले, झोप किती झाली, रात्रीचं जेवण किती वाजता आटोपलं. परभणीकरांना यातलं निम्मं नवं शिकावं लागत नाही. ज्वारी इथली जुनीच; पण स्वस्त धान्य दुकानातून वर्षानुवर्षं गहू-तांदूळ आले, शेतात सोयाबीन-कापूस वाढला आणि ताटातली ज्वारी मागं पडली. इथल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेच्या साथीनं लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण काढला, पण तो तव्यापर्यंत यायला हवा. भाकरी म्हणजे औषध नव्हे, हेही सांगायला हवं. चार भाकरी आणि नावाला कालवण असं जेवण साखर वाढवणारच. अंबाडीची भाजी, घट्ट वरण, जवसाची किंवा कारळाची चटणी यांनी ताट भरलं तर दोन भाकरींत भागतं. चालण्याचं वेळापत्रकही उन्हाळा ठरवतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच. आणि दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला ‘रोज चालत जा’ सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. तिची गरज डाळ, अंडी, लोह आणि विश्रांती यांची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, हे इथं विसरून चालणार नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की वजन उतरवल्यानं मधुमेह मागं हटतो हे सिद्ध झालेलं आहे. ते खरं आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिलेल्या गटापैकी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षाअखेर औषधांशिवाय आटोक्यात होता, आणि ज्यांनी १५ किलो वा जास्त वजन घटवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. पण ते रुग्ण आधीच बरेच लठ्ठ होते, देखरेखीखाली होते; तो उपचार होता. बीएमआय २२ असलेल्या, पोट सुटलेल्या माणसानं त्यातून ‘आणखी दहा किलो’चं लक्ष्य उचललं तर चरबीबरोबर उरलासुरला स्नायूही जाईल. शेजारच्या लातूरहून राज्यभर पोचलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवणाची मोहीम लोकांना वजनासाठी आठवते. पण ती पद्धत सुरू करण्यापूर्वी उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्या, असं ते स्वतःच सांगतात. ती अट लोक सोयीस्करपणे गाळतात. दोन जेवणांच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात, या अटीवर नसावेत. काटा अडगळीत टाका, असंही कुणी समजू नये. अंगणवाडीतलं बाळ, गर्भवती, हृदय कमकुवत झाल्यानं अंगावर पाणी चढणारा रुग्ण यांना तो हवाच. काही न करता वजन घटू लागलं तर क्षयरोग किंवा मधुमेहाची तपासणी तातडीनं करायला हवी.

राहिला प्रश्न शिस्तीचा: आकडा नसेल तर माणूस ढिला पडतो म्हणतात. ते मान्य, पण आकडा नेमका हवा. साधी शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता कमरेचा घेर मोजायचा. बायकांनी ८० आणि पुरुषांनी ९० सेंटीमीटरच्या आत राहायचं. हे महिन्यातून एकदा पुरे. मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का, हीही घरच्या घरी होणारी परीक्षा आहे. तिशी ओलांडलेल्यांच्या तपासणीसाठी आशाताई घरोघरी जो सरकारी फॉर्म भरतात, त्याच्या गुणांच्या भागातही वजन विचारलेलं नाही. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल आणि घरात कुणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, एवढंच. चारपेक्षा जास्त गुण झाले तर उपकेंद्रात तपासणीला आधी बोलावतात. पुढच्या खेपेला ताई दाराशी आल्या, तर ‘आमचं वजन बरोबर आहे’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. टेप लावू द्या आणि गुण किती झाले ते विचारून घ्या.