तेरडा कसा ओळखावा?

मुलांनो, गुलमेहंदी तुम्ही अंगणात पाहिली असेल. मराठीत तिला तेरडा म्हणतात. रानात तो आपोआप उगवतो. उन्हाळ्यात उघडीबोडकी दिसणारी पानझडी जंगले पावसाने हिरवी झाली, की डोंगरउतारांवर तेरडा फुलू लागतो.

रानात गुलाबी फुले अनेक असतात. म्हणून नुसत्या रंगावरून तेरडा ओळखू नये. आधी खोड पाहावे. ते मऊ व रसदार असते. पाने लांबट, टोकदार असून त्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. फुले पानांच्या बगलेत येतात. प्रत्येक फुलामागे शेपटीसारखी बारीक, वाकडी नळी असते. शेवटची खूण म्हणजे फळ. ते लवदार असते. पिकलेल्या फळाला बोट लावताच ते फुटते आणि बिया दूर उडतात.

तेरडा वर्षायू आहे. म्हणजे तो एकच पावसाळा जगतो. त्याची फुलेही फार दिवस टिकत नाहीत. म्हणूनच 'तेरड्याचा रंग तीन दिवस' अशी म्हण पडली. पाऊस सरला की रोप वाळते. मागे उरते फक्त बी. फळे पिकण्याआधीच आपण रोपे उपटली, तर पुढच्या वर्षी तेथे तेरडा कोठून उगवणार? म्हणून तेरडा पाहावा, ओळखावा. पण उपटू नये.